तात्पुरते रहिवासी

आमचे हे मुलुंडला तात्पुरते राहतात, कैक वर्षं झाली.

निवृत्तीनंतर इंग्लंडहून आलो तेव्हा "बघू, जमलं तर राहू" असं ठरलं होतं. ते बघणं अजून चालूच आहे. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटला तरी यांचं एकच, "कशाला? आपण काय कायमचे आलोय?" तिकडचे जाड कोट डांबराच्या गोळ्या घालून जपलेत, आणि मे महिन्यात ते गॅलरीत उन्हाला टाकले की शेजारीण मला विचारते, पाहुणे आलेत का. एकुलती एक मुलगी तिकडेच असल्यामुळे परत जायला निमित्तही तयार.

पेन्शनला मात्र हे तात्पुरतेपण मानवेना. तिकडच्या कंपनीच्या पेन्शनवर तिकडे कर कापला जायचा, आणि तेच पेन्शन इथल्या उत्पन्नात धरून इथेही भरायला लागायचा. हे दोन्ही सरकारांना मनसोक्त शिव्या घालायचे आणि दोन्हीकडे मुकाट्याने भरायचे. शेवटी मीच यांना ओढत सीएकडे नेलं. लेकीच्याच वयाची मुलगी ती.

"काका, दोनदा कशाला भरताय? सवलत आहे ना! तुम्ही इथलेच रहिवासी आहात असा आयकर खात्याचा दाखला काढून तिकडे पाठवू, म्हणजे तिकडचा कर थांबेल. अर्जावर इथे सही करा."

"पण मी तसा तात्पुरता आलोय."

"काका, गेल्या वर्षी ठाण्याच्या पलीकडे तरी गेलात का?"

"लोणावळ्याला गेलो होतो हं," मी हसू दाबत म्हटलं.

यांनी पेन घेतलं आणि नुसतंच धरून बसले. "अहो, सही करायचीय, संन्यास घ्यायचा नाहीये," मी कोपरखळी मारली. हे हसले नाहीत.

"इथलेच म्हणून लिहून दिलं, तर पोरीला काय सांगायचं गं? दर रविवारी विचारते, कधी येताय परत म्हणून."

मग खाली मान घालून त्यांनी सही केली.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण जिना उतरताना माझ्याच डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं मी यांची टर उडवत आले, आणि दर रविवारी पोरीला "येऊ गं, लवकरच येऊ" असं सांगणारी मीच होते.