नाक्यावरची विचारपूस

अख्ख्या चांदा जिल्ह्यात माणसाच्या मनाचं आमच्या नाकेदारांइतकं कुणालाच कळत नव्हतं, हे मी आजही पैज लावून सांगेन. सिंदेवाहीहून आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर जंगलखात्याचा नाका होता. आडवा बांबू, त्याला दोर, आणि दोरापाशी हे गृहस्थ. लाकडाची गाडी आली की पास बघायचा आणि दोर ओढून बांबू उचलायचा, एवढीच त्यांची नोकरी. पण पास बघून झाला की ते गाडीवानाला विचारत, "अन् मन कसं हाय गा?" खरं उत्तर मिळेपर्यंत बांबू वर जात नसे. नुसतं "बरं हाय" म्हणणाऱ्याला ते सरळ बैल सोडायला लावत. एकदा खुद्द रेंजरसाहेबांची जीप त्यांनी अशीच अडवली. साहेब आधी भडकले, मग सासुरवाडीबद्दल अर्धा तास बोलले आणि जाताना हात जोडून गेले.

या साऱ्या विद्येचं मूळ म्हणजे नागपूरच्या रद्दीतून आणलेलं मानसशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक. त्याचा मागचा भाग वाळवीनं फस्त केला होता. त्यामुळे विकार सगळे पुस्तकातले आणि उपाय नाकेदारांच्या पदरचे. राग आला तर बैलांच्या माना चोळायच्या. हेवा वाटला तर त्याच माणसाची चारचौघांत तारीफ करायची. मी गावच्या शाळेत मास्तर; हा प्रयोग मी आमच्या हेडमास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरावर करून पाहिला. हेवा काही गेला नाही, पण त्यांनी खूश होऊन आपलं सगळं लिखाण माझ्याच गळ्यात घातलं.

"आणि दुःखाला काय उपाय?" मी एकदा विचारलं. त्यांनी चाळण झालेली पानं उघडून दाखवली.

"ते प्रकरणच वाळवीनं खाल्लं, मास्तर. मंग मीच ठरवलं, विचारावं अन् चुप बसावं."

मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतल्या सीताबाईचा नवरा तळ्यात बुडाला, तेव्हा महिनाभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नाकेदार तिच्या अंगणात जाऊन बसले. "बाई, मले जाळं विणाले शिकव," म्हणाले. तिसऱ्या दिवशी गाठ मारता मारता ती हमसून रडली. हे खाली मान घालून गाठी मारत राहिले. त्यांच्या त्या जाळ्यातून मासाच काय, रेडाही निसटला असता, पण सीताबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

आणि या माणसाची स्वतःची चार वर्षांची पोर तापानं गेली होती. बायको कुरखेड्याला माहेरी गेली, ती दोन वर्षं परतली नव्हती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाकेदारांना रडताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मनाचं एवढं कळणाऱ्याला आपण काय विचारायचं, असं आम्ही म्हणत असू. खरं सांगायचं तर विचारायची मला भीती वाटायची.

मग त्यांची पार सिरोंच्याकडे बदली झाली. निघायच्या सकाळी नवा माणूस आला नव्हता, म्हणून दोर मी धरला. गाडीत एक ट्रंक होती, आणि त्यांच्या मांडीवर गेलेल्या पोरीचा लाकडी बैल, तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तसला. नाक्याशी गाडी थांबली. त्यांनी बदलीचा कागद पासासारखा माझ्यापुढे धरला. मी हसून तो पाहिला, परत दिला आणि दोर ओढला.

गाडी हलेना. ते माझ्याकडे पाहत बसून होते.

"काऊन थांबले, नाकेदारभाऊ?" मी म्हणालो. "टेशन दूर हाय. गाडी चुकन."

त्यांनी त्या लाकडी बैलावरून हात फिरवला.

"बांबू लवकर उचलला, मास्तर," ते हसत म्हणाले आणि त्यांनी गाडीवानाला खूण केली.

गाडी वळणाआड गेली तरी मी दोर धरून उभाच होतो. ते कुठल्या प्रश्नासाठी थांबले होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. बैलगाडीच ती, धावलो असतो तर सहज गाठली असती. मी धावलो नाही.