आऱ्यांना कान लावणारे मिस्तरी

बीबी गावाच्या फाट्यावर मी कॉलेजच्या एसटीची वाट बघायचे. समोरच्या बाभळीखाली बैलगाडीची लाकडी चाकं करणारे एक म्हातारे मिस्तरी बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर हातोडी हलकेच मारून ते कान लावत. आवाज बद्द आला की आरा ढिला समजायचा.

आमच्या गाडीची चाकं त्यांनीच केलेली. रोज विचारत, "काऊन वं पोरी, चालते ना बापाची गाडी? उन्हाळ्यात चाकाले पाणी पाजत जा. लाकूड आकसलं का वरची लोखंडी धाव निसटते."

"हाव, चालते," मी म्हणायचे. खरं तर ट्रॅक्टर आल्यापासून गाडी गोठ्यामागे उभीच होती. सांगायला जीभ रेटत नसे.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी खरं सांगितलं. ते हसले.

"मले मालूम हाये. माह्या चाकाचा आवाज मले वयखू येते. दोन सालं झाले, या रस्त्यानं आला नाही."

"मंग रोज काऊन विचारत होते?"

"तू हाव म्हणे, तं बरं वाटे."

त्या दुपारी मी गोठ्यामागे जाऊन चाकांवर दोन बादल्या पाणी ओतलं. कोरडं लाकूड ते लगेच पिऊन गेलं. मी तिसरी बादली आणायला गेले.