बेखमीर भाकर कोणाच्या चुलीवर

माझे वडील पत्रके विकत. अल्लीपूरच्या बाजारात, हिंगणघाटला, वर्ध्याच्या कापूस बाजाराच्या फाटकाशी सतरंजी अंथरायची, तिच्यावर शुभवर्तमाने आणि पत्रके मांडायची आणि दिवसभर ऊन खायचे. जी पत्रके विकली जात नसत ती घरी येत आणि घराच्या कामाला लागत. काही ट्रंकेच्या तळाशी जात, काही पिठाच्या डब्याखाली, काही माझ्या हातात. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझे बोलणेही पत्रकासारखे झाले होते. वर एक प्रश्न, खाली खणखणीत उत्तर आणि शेवटी, आजच निर्णय घ्या. आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाले देवानं छापखाना लावला."

त्या वर्षी मी एका प्राथमिक शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. फेब्रुवारी संपता संपता वडलांनी न विकलेला एक गठ्ठा आणला. त्यात यहुद्यांच्या सणांविषयी एक पत्रक होते. वल्हांडण, सप्ताहांचा सण, मंडपांचा सण, आणि त्यांचे आपल्या शास्त्राशी काय नाते. मी ते उभ्या उभ्या वाचून काढले. प्रभूने शिष्यांबरोबर केलेले शेवटचे जेवण हे वल्हांडणाचे जेवण होते. मिसर देश सोडून निघालेल्या गुलामांना कणीक फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती, त्यांनी ती तशीच चपटी भाजून घेतली. त्या घाईची आठवण म्हणून यहुदी माणूस त्या सणात घरात खमिराचा कणही ठेवत नाही. म्हणजे प्रभूने हातात घेऊन मोडली ती बेखमीर, न आंबवलेली भाकर.

आणि आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्या जेवणाच्या आठवणीसाठी होणाऱ्या प्रभुभोजनाला काय असे? पाव. स्टेशनजवळच्या बेकरीतला, टम्म फुगलेला, वरून तकतकीत. इतकी वर्षे आम्ही तो डोळे मिटून खात आलो होतो. मला त्या रात्री झोप आली नाही.

खात्री करून घ्यायला माणूस जवळच होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मालधक्क्यावरचे एक बाबू राहत. ते कोकणातले यहुदी. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. तिची मराठी आमच्यापेक्षा नीटस होती आणि शनिवारी तिच्या घरी चूल पेटत नसे, एवढेच काय ते वेगळेपण बाहेरून दिसे. मी पत्रक घेऊन तिच्याकडे गेले. तिने चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त वाचून वाटतं, आम्ही केव्हाच संपलो. यहुदी लोक असं करीत असत, तसं करीत असत. मग दर वर्षी माझं कंबरडं कशानं मोडतं?"

मग तिने कंबरडे कशाने मोडते ते सांगितले. सण जवळ आला की सगळे डबे रिकामे करून उन्हात ठेवायचे. फळ्यांचे कोपरे झाडायचे. मुलांचे खिसेसुद्धा उलटे करायचे, कारण त्यांत बिस्किटाचा चुरा असतो. आंबलेले, फुगलेले काहीही घरात राहू द्यायचे नाही. "आमच्याकडच्या जुन्या बाया याला आंबटाचं मडकं झाकायचा सण म्हणत. पहिल्या रात्री ताटावर बसलो की आम्ही म्हणतो, ज्याला भूक असेल त्यानं यावं आणि आमच्याबरोबर जेवावं."

"येतं का कोणी?"

"तू आलीस तर पहिली."

मी तिला सरळच विचारले, प्रभूच्या हातात त्या रात्री पाव असेल का. ती हसली. "मी तिथं नव्हते गं. पण तो आमच्यातला होता आणि सण पाळायला बसला होता ना? मग पाव नक्कीच नव्हता."

मला एवढे पुरे होते. मी कार्बन कागद घालून एक पत्रक लिहिले. मथळा, "आपण कोणती भाकर मोडतो?" रविवारी उपासना सुटल्यावर दारात उभे राहून ते वाटले. पाळकसाहेबांनी वाचले आणि सगळ्यांना पुन्हा सतरंजीवर बसायला सांगितले. मंडळी लहान होती. त्यात सगळ्यांत वडील होते मोठे पंच. कुणब्याच्या घरातून ख्रिस्ती झालेले, शेतीवाडी सोडून आलेले. त्यांच्या शब्दाला मान होता.

त्यांनी माझे पत्रक डोळ्यांपासून लांब धरून वाचले आणि म्हणाले, "पोरीनं लिहिलं ते खरं हाय. शास्त्रात तसंच हाय. पन भाजन कोन?"

कोणी बोलेना. मला वाटले, बायकांना कामाचा कंटाळा आला असेल. मी म्हटले, "माझी आई भाजेल."

पाळकसाहेब खाली सतरंजीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. वधस्तंभाच्या आठवड्यातल्या गुरुवारी, तुमच्या घरून." बाजूच्या रांगेत आई बसली होती. तिने पदर ओढून घेतला. घरापर्यंत ती माझ्या चार पावले पुढे चालत राहिली.

घरी आल्यावर बोलली. "तुले काय वाटते, पाव काऊन आणत? चवीले?"

मग तिने सांगितले. मंडळी नवी होती तेव्हा पाच जातींची माणसे एका सतरंजीवर बसून प्रार्थना करू लागली, गाऊ लागली. पण पहिल्या प्रभुभोजनाला एका घरून भाकर आली तेव्हा अर्धे लोक उठून गेले. कोणाच्या चुलीवरची, हा प्रश्न होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी पुढच्या खेपेला बेकरीतून पाव आणला. "बेकरीवाला मुसलमान. सगळ्याईले सारखाच परका. म्हणून सगळ्याईनं खाल्ला. तवापासून पाव. कोनी इचारत नाई, कोनी सांगत नाई. तू उकरून काढलं."

आईचे माहेर मांगवाड्यातले. हे मला माहीत होते, मंडळीतल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि ते कोणी उच्चारत नव्हते. मी खमीर बेकरीत शोधत बसले होते.

माझे डोके भणाणले. मी म्हटले, ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी नाही, सगळे एकच असे शास्त्र म्हणते, मग हे काय? मी आताच्या आता जाते, पंचांना जाब विचारते, दुसरे पत्रक काढते. आई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "काढ. तू बरोबरच हायस. पन ताट माह्या हातचं राहीन, तुह्या पत्रकाचं नाई. तिथं कोनी हात मांगं घेतला तं तो तुले नाई, मले दिसन."

मी दुसऱ्या दिवशी तिला म्हटले, पाळकसाहेबांना सांगते, पावच राहू द्या. तेही तिला चालेना. "आता मांगं घेतलं तं लोकं म्हनतीन मीच घाबरली. भाजतो मी. खातीन तं खातीन."

म्हणजे तिने ठरवले होते, पण रात्री उठून पाणी प्यायला जायची ते मला ऐकू येई.

मी मावशीला आमच्याकडे बोलावले. जातीची गोष्ट मी तिला सांगितली नाही, आईला ते आवडले नसते. फक्त भाजायचे कसे ते दाखवा म्हटले. तिचा सण बुधवारी संध्याकाळी लागणार होता, ती सोमवारी आली आणि आमच्या अंगणातल्या चुलीजवळ पाट घेऊन बसली. आईने ज्वारीचे पीठ काढले होते. मावशी म्हणाली, गव्हाचे घ्या. मीठ नको, तेल नको, नुसते पाणी. आणि कणीक भिजवली की मुरायला ठेवायची नाही, लगेच लाटायची, लगेच भाजायची.

"मुरू देल्याशिवाय पोळी चामट होते," आई म्हणाली.

"होऊ दे. पळून जाणाऱ्यांची भाकर आहे ती, पाहुण्यांची नव्हे."

आईला हे पटले. तिने लाटली, मावशीने काट्याने टोचे मारले म्हणजे फुगू नये, आणि तव्यावर कडक होईपर्यंत भाजली. पहिली उतरली तशी मावशीने तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. मावशी चावत म्हणाली, "आमच्या सणाला मात्र ही चालायची नाही हो. तुमच्या तव्यावर काल काय काय भाजलं असेल, देव जाणे. पण भाकर चोख झाली."

"तुमी खाल्ली," आई म्हणाली.

"मग काय, नुसती बघायला आले होते?" मावशीला त्यात विशेष काही वाटले नाही. दुसरा तुकडा तिने घरी नवऱ्यासाठी मागून घेतला. त्या रविवारनंतर आई मला पहिल्यांदा हसताना दिसली.

गुरुवारी मात्र दुपारपासून तिचे डोके दुखू लागले. भाकरी पांढऱ्या फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तू घेऊन जाजो. मी पडून राहतो." वडील बाजारातून लवकर आले होते. ते पाय धुता धुता म्हणाले, "तू नाई आली तं मी बी नाई. मंग पाळकसाहेबाईले सांग, बाजारवाल्याच्या घरचे दोघंई आजारी." आई उठली. लुगडे बदलले.

संध्याकाळचे ऊन अजून भिंतीवर होते. एक कुटुंब आले नाही हे मी दारातूनच पाहिले. बाकी सगळे होते. पाळकसाहेबांनी त्या रात्रीचा वृत्तांत वाचला, फडके काढले आणि भाकर मोडली. पाव मोडताना कधी आवाज होत नसे. ही कडकन मोडली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

रिवाजाप्रमाणे ताट आधी मोठ्या पंचांकडे गेले. त्यांनी तुकडा उचलला आणि हातातच ठेवला. ताट पुढे गेले. लोक घेत होते, पण तोंडात कोणी टाकत नव्हते. सगळे पंचांकडे बघत होते, आणि पंच हातातल्या तुकड्याकडे. आईने मान खाली घातली होती. मी आयुष्यात पुष्कळ वाक्ये तयार ठेवली आहेत, तेव्हा एकही सापडेना.

पंचांनी तुकडा तोंडात ठेवला. गाल हलला, थांबला. पुन्हा हलला. त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले. मला वाटले, थुंकतात. मग रांगेतल्या दुसऱ्याने खाल्ले, तिसऱ्याने खाल्ले, बायकांच्या रांगेत ताट आले आणि चावण्याचा कुरकुर आवाज सगळीकडून यायला लागला. आईपर्यंत ताट आले तेव्हा त्यात तुकडे थोडेच उरले होते. तिने एक घेतला.

उपासना सुटल्यावर मोठे पंच काठी टेकत आमच्याकडे आले. मी आईच्या पुढे उभी राहिले. त्यांनी मला बाजूला हो म्हणून खूण केली.

"बाई," ते आईला म्हणाले, "मले वरती तीन अन् खालती दोन दात. पाव सोपा होता. अर्धी उपासना तोंडातच घोळवून राह्यलो तुह्या भाकरीले."

वडील मागून म्हणाले, "दादाजी, शास्त्राची हाय. नरम कशी राहीन?"

"शास्त्रात पातळ लाटू नये असं कुठं लिवलं?" पंच म्हणाले. "इस्टरले पातळ लाटजो, बाई."

न आलेले ते कुटुंब नाताळपर्यंत आले नाही, नंतर आले. मी त्यांच्याविषयी लिहिलेले पत्रक अजून वाटलेले नाही, पण फाडलेलेही नाही. आणि आईने त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी, इस्टरच्या आदल्या दुपारीच गहू दळून आणला. मी म्हटले, अजून वेळ आहे. ती म्हणाली, पातळ लाटायची म्हणजे पीठ बारीक पाहिजे, अन् तुले त्यातलं काई कळत नाई.