कणीएवढं पोलाद

रामनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून पंख्याचे स्क्रू आवळत होतो, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर त्याचाच होता. दिवाळीआधी ‘उद्या देतो’ म्हणून आणलेला. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता. “वसंतराव, दादा गेला... झोपेतच.” मी खाली उतरलो आणि बराच वेळ तो स्क्रूड्रायव्हर हातात धरून बसलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

विमानांच्या कारखान्यात आम्ही एकाच दिवशी लागलो. तो टेक्निशियन, मी तपासनीस. त्याचं घर पंचवटीच्या पलीकडे, मळ्यात. पहाटे झेंडू तोडायचा, पाट्या भावाच्या हवाली करायच्या आणि पहिल्या पाळीची बस धरायची, हा त्याचा रोजचा क्रम. लोकांना वाटतं, विमानाच्या कामाला डोकं फार तल्लख लागतं. तल्लख तर मीही होतो, माझ्या मते अजून आहे! रामनाथकडे दुसरंच काहीतरी होतं. त्याला कंटाळा येत नसे. शंभराव्या स्क्रूकडेही तो पहिल्याइतकंच लक्ष द्यायचा, आणि शेजारी उभं राहून माझे पाय दुखायचे. विमानात चुकून काही पडू नये म्हणून त्यानं सगळ्या सदऱ्यांच्या वरच्या खिशांना टाके घालून घेतले होते, लग्नाकार्याच्या सदऱ्यांनासुद्धा. मांडवात मिळालेली सुपारी तो घरी जाईपर्यंत मुठीत धरून हिंडायचा आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

आमच्याकडे हत्यारांचा एक मोठा बोर्ड होता. प्रत्येक पान्याचा, पकडीचा आकार त्यावर लाल रंगानं काढलेला. हत्यार काढलं की त्या जागी आपल्या नंबरचा बिल्ला लावायचा. काम संपल्यावर सगळं जागेवर आलं, एकही लाल आकार उघडा दिसला नाही, की मी सही करायची. तोवर विमान हलत नसे.

नव्वदीच्या दशकातली ती दुपार मला स्वच्छ आठवते. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसमोर उडायचं होतं. त्याच आठवड्यात चार्जमनच्या बढतीची यादी लागणार होती आणि रामनाथचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. बोर्ड भरलेला होता, मी पेन उघडलं होतं. तेवढ्यात त्यानं बोर्डावरचा एक स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढं धरला.

“वसंतराव, सही करू नका. टोक बघा.”

टोकाचा कोपरा उडाला होता. तांदळाच्या कणीएवढा असेल नसेल.

“सकाळी अख्खा होता,” तो म्हणाला. “मी बघूनच घेतो.”

“अरे, हत्यार जागेवर आहे ना? उद्या नवा आणून लावतो. यादी लागायचीय तुझी, गप बस!”

हे मी म्हणालो. तपासनिसानं म्हटलं. आज लिहितानाही लाज वाटते.

तो चिडला नाही. “हत्यार हाय जागेवर, पण अख्खं नाय ना. उरलेलं काय उडणाऱ्याच्या संगं धाडायचं?” एवढं बोलून तो साहेबांच्या केबिनकडे चालू लागला.

पाहुण्यांचा कार्यक्रम रद्द झाला. वैमानिकाची खुर्ची काढली, पत्रे उघडले. दीड दिवस रामनाथ त्या अडचणीत पोटावर पडून चुंबक फिरवत होता. ती कणी शेवटी सापडली, विमान वळवणाऱ्या दांड्याच्या सांध्याजवळ. आणखी बोटभर सरकली असती तर दांडा हवेत अडकला असता. विमान उडालं तेव्हा आम्ही सगळे माना वर करून बघत होतो, आणि हा आत बोर्ड पुसत होता. बढतीच्या यादीत नाव दुसऱ्याचंच लागलं. त्याचं लागायला आणखी तीन वर्षं गेली. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही. माझ्या सहीवर माणसं बिनघोर उडाली असं मी आजवर मिशीला पीळ देऊन सांगत आलो. पण ती सही राखली रामनाथनं, आणि अशा माणसाचा मी दोस्त होतो याचा मला त्या सहीपेक्षा जास्त अभिमान आहे.

गेल्या रविवारी स्क्रूड्रायव्हर परत द्यायला गेलो. त्याच्या घरच्या पडवीतही तसाच बोर्ड आहे, लाल आकारांचा. सगळं जागच्या जागी. एकच आकार उघडा, आणि त्याच्या खिळ्याला चिठ्ठी अडकवलेली, त्याच्या अक्षरात ‘वसंतराव’.

“राहू द्या भाऊजी तुमच्याकडंच,” वहिनी म्हणाल्या. “तेवढीच त्यांची आठवण.”

“नको वहिनी. जागा उघडी राहील.”

मी स्क्रूड्रायव्हर उजेडात धरला, टोक नीट निरखलं. अख्खं होतं. वहिनींनाही दाखवलं. मग तो जागेवर टांगला आणि माझ्या नावाची चिठ्ठी काढली. सवयीनं हात वरच्या खिशाकडे गेला... आणि थांबला. रिक्षानं घरी येईपर्यंत ती चिठ्ठी मी मुठीतच धरून आणली.