आईचा क्यूआरएम

अकोला स्टेशनवर मुंबईची गाडी लागली तेव्हा आई रडत नव्हती, बाबांशी भांडत होती. लग्नानंतर मी इंग्लंडला निघाले होते, नवरा आधीच पुढे गेला होता. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ हौशी रेडिओला द्यायचे. सरकारी परवाना काढून, घरीच जोडलेल्या ट्रान्समीटरवरून जगभरच्या तसल्याच वेड्यांशी बोलायचे. ते वेड माझ्यातही उतरलं होतं. तिकडे परीक्षा देऊन मीही परवाना काढायचा आणि दर रविवारी बाबांशी बोलायचं, असं आमचं ठरलं होतं.

"मंग मले बी बोलता येईन ना तिच्याशी?" आईनं विचारलं.

"तुले नाही येत. लायसन माह्या नावाचं हाय," बाबा म्हणाले.

गाडी हलली तरी ती रागानं त्यांच्याकडेच बघत राहिली. निदान माझ्याकडे तरी बघ ना, असं मला झालं होतं.

नियम होता तसाच. परवाना ज्याचा, तोच बोलणार. दुसऱ्याचे निरोपसुद्धा द्यायचे नाहीत. आणि बाबा नियमाचे इतके पक्के की जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत कोणी नसलं तरी सायकलवरून डाव्या बाजूनंच जायचे. आईनं एकदा एरिअलच्या तारेवर ओलं लुगडं वाळत घातलं, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना सांगायला नको. परदेशात पहिला हिवाळा माणसाला खातो. पत्र यायला आठवडे लागायचे, आणि आईचं पत्र म्हणजे "सर्व खुशाल"च्या पुढे गाडी नाही. तिचं सगळं तोंडात होतं, लेखणीत काही नव्हतं. मला तिचा आवाज हवा होता. परीक्षेचा अभ्यास मी त्या ओढीनं केला, विज्ञानाच्या नव्हे.

परवाना मिळाला. एका रविवारी, आमच्या सकाळी आणि अकोल्याच्या दुपारी, खरखरीतून बाबा सापडले. एरवी घरात वऱ्हाडी बोलणारे बाबा माइकसमोर बातम्या सांगणाऱ्यासारखे शुद्ध झाले होते. "येथे हवा कोरडी आहे. आपला सिग्नल समाधानकारक आहे." माझ्या डोळ्यांत पाणी, आणि हे मला आपली अँटेना समजावत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आयकलं का, सुमीले सांगा, थंडीत डोक्यावरून पाणी नको घेत जाऊ म्हणा. अन् अमरावतीच्या मावशीले नातू झाला."

ती माझ्याशी बोलतच नव्हती, बाबांशी बोलत होती. नवऱ्याशी बोलायला कुठलं लायसन लागतं?

"क्षमस्व," बाबा गंभीरपणे म्हणाले, "इकडे लोकल क्यूआरएम फार आहे." आम्हा रेडिओवाल्यांच्या भाषेत क्यूआरएम म्हणजे आपल्या बोलण्यात दुसऱ्या कुणाची तरी लुडबुड. "तुमचा आवाज क्षीण आहे," मी कळवलं, "क्यूआरएम मात्र फाइव्ह-नाइन." म्हणजे अगदी स्पष्ट आणि खणखणीत.

पुढच्या रविवारी मागून प्रश्न आला, "फाइव्ह-नाइन म्हंजे काय हो?"

"म्हंजे तू गंजच कलकल करून राह्यली," बाबा वऱ्हाडीत म्हणाले (आमच्याकडे गंज म्हणजे खूप), आणि लगेच शुद्ध झाले.

मग ते तसंच चालू राहिलं. बाबांचं बोलणं संपायचं, पण बोलण्याचं बटण त्यांच्या बोटाखाली दाबलेलंच असायचं. ते दाबलेलं असेतो तिकडचं सगळं मला ऐकू यायचं. इतका नियमाचा माणूस बटण सोडायला विसरेल कसा? ते मुद्दाम गप्प बसायचे आणि मागे आई बोलत राहायची. अंबाडीची भाजी, शेजारणीचं बाळंतपण, मी जेवते की नाही. बाबांवर माझं खरं प्रेम बसलं ते त्या रविवारांत.

आई गेल्याची तार आली तेव्हा मला दिवस भरत आले होते. जाता आलं नाही. तेरावं झाल्यावरच्या रविवारी बाबा रेडिओवर आले.

"आज बँड उत्तम आहे," ते म्हणाले. "सिग्नल स्वच्छ आहे. क्यूआरएम नाही."

पुढे काहीच बोलले नाहीत. बटण दाबलेलंच होतं. मागे आमचं घर ऐकू येत होतं. पंखा, कावळा, रस्त्यावरची सायकलची घंटी. इतकं स्वच्छ अकोला मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला ते ऐकवेना.

त्यांचं बटण सुटल्यावर मी माझं दाबलं. तोंडातून आलं ते आईचंच, "बाबा, जेवले काय?"

खरखर झाली. आता शुद्ध मराठीत हवामान ऐकावं लागणार, असं मला वाटलं.

"जेवलो वं माय," बाबा म्हणाले.

माइकवरून ते माझ्याशी वऱ्हाडीत पहिल्यांदाच बोलले. आज मला कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी जठारपेठ सांगते, कारण पत्ता सांगावाच लागतो. पण मनात असते ती बाबांची बटण न सोडलेली शांतता, आणि त्या शांततेत मागून बोलणारी आई.