गोल रिकामा सोडायचा नाई

चारुलताले उत्तरपत्रिकेत एखाद्या प्रश्नाचा गोल रिकामा दिसला की तिचं डोकंच सटके. "चुकलं तं मार्क कापत नाईत, मंग रिकामा सोडता काऊन बे?" म्हणून पोराइले झापे. मेहकरात आमच्या शाळेत ती पाचवीची बाई, मी बाजूच्या चौथीची. मधात नुसतं लाकडी पार्टिशन, त्यामुळं तिचं सगळं मले ऐकू येते. नवोदयच्या परीक्षेची बॅच तिच्याकडं. दर सोमवारी टेस्ट, अन् मंगळवारी नंबरानं बसवायचं. हुशार पुढच्या बाकावर, ढ मागं दाराजवळ. ही टूम हेडमास्तर वैजनाथ सराची, पण राबवली चारुलतानं. अन् तिची स्वतःची लेक आरोही त्याच वर्गात.

मागच्या वर्षी आरोही माझ्या वर्गात होती. दिवसभर नुसतं काऊन, काऊन! बाई, विहिरीचं पाणी हिवाळ्यात गरम काऊन? बाई, सोयाबीनच्या शेंगाले लव काऊन? मी वैतागून म्हणे, माय, डोकं नको खाऊ. घरीबी तिचं तेच चाले. चारुलता मात्र फुगून जाये, माही पोरगी कलेक्टर होते म्हणे.

यंदा पोरगी चूप झाली. सोमवारी सकाळी पोट दुखे, ओकारी होये. दिवाळीनंतर तं दुसऱ्या बाकावरून सरकत सरकत थेट दाराजवळ आली. शाळेत आईले बाई म्हणा लागे, तं आता घरीबी बाईच म्हणा लागली. मले राहवलं नाई. म्हटलं, "चारुलता, थोडे दिवस तिची टेस्ट बंद कर."

ती माझ्यावरच उखडली. "तुमचं काय जाते, जयमालाताई? बाईचीच पोरगी मागं, असं लोकं म्हणतीन ना मले! अन् तिचं नवोदय हुकलं तं?" तिचा आवाज कापत होता. मले राग आला, पण तिचं भेव खरं होतं. मी माझ्या वर्गात निघून गेली.

मंग परवाचा सोमवार. उत्तरपत्रिका आधी वाटायच्या, पोरं नाव-नंबर भरतात तोवर प्रश्नपत्रिका द्यायच्या, ही तिची पद्धत. त्या दिवशी नेमकी लाईन गेली अन् प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडं अटकल्या. दुपारी पालकसभेत निकाल वाचायचा, म्हणून वैजनाथ सर व्हरांड्यात येरझारा घालून राह्यले होते. शेवटी चारुलता स्वतःच दुकानाकडं पळाली. जाता जाता मले म्हणे, वर्गावर ध्यान ठेवजा.

मी दारात उभी राह्यली. वर्गात चिडीचूप. मले बरंच वाटलं, खोटं काऊन बोलू! माझ्यासमोरच आरोही मान खाली घालून पेन चालवून राह्यली होती. मले वाटलं, नाव लिहिते.

चारुलता धापा टाकत आली, प्रश्नपत्रिका वाटत वाटत दाराजवळच्या बाकापाशी पोहोचली अन् थांबली.

"आरोही, हे काय?"

उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढं एकेक गोल भरला होता. वरून खालपर्यंत, सुबक, एकबी रेघेबाहेर नाई.

"अवं, प्रश्न तं मी आता आणले!"

"वेळ पुरत नाई ना बाई, म्हणून आधीच भरून ठेवले. एकबी रिकामा नाई सोडला." मंग तिनं समोरच्या प्रश्नपत्रिकेकडं पाह्यलं. "हे वाचा लागते का?"

वर्गात कोणीच हसलं नाई. उलट दोघा-तिघांनी आपापल्या उत्तरपत्रिका हातानं झाकल्या.

वैजनाथ सर दारात आले. "सुरू करा बाई, उशीर होते."

"नाई सर. आज टेस्ट होत नाई."

"अन् पालकसभेत मी काय वाचू?"

"माझं नाव वाचा. शेवटचा नंबर माझाच."

सर काही बोलले, माझं ध्यान नव्हतं, अन् चारुलतानं तिकडं पाह्यलंबी नाई. ती आरोहीच्या बाकावर अंग चोरून बसली. पोरीच्या हातातलं पेन काढून घेतलं. चारुलताचे डोळे भरले होते, पण आवाज तिनं सांभाळला.

"आरोही, सांग बरं बेटा, विहिरीचं पाणी हिवाळ्यात गरम काऊन लागते?"

पोरगी आधी आईच्या तोंडाकडं पाहे, मंग माझ्याकडं. हात बाकावर पेन शोधून राह्यला होता. मी मनात म्हणून राह्यली, बोल माय, काहीबी बोल, चुकीचं बोल.

शेवटी तिनं हळूच विचारलं, "बाई, पर्याय सांगा ना."