आठव्या डावात सांगायची गोष्ट

हार्लन टेस्केने पावातल्या ब्रॅट सॉसेजवर मोहरीची चटणी पसरली, पहिला घास घेतला, मान वर केली आणि बेसबॉलच्या मैदानाकडे पाहतो तर पाहुण्या संघाचे दोन गडी गारद. तो घास तोंडातच राहिला. त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात सॉसेजच्या एका घासात दोन गडी गेलेले त्याने कधी पाहिले नव्हते.

"कसे गेले?" त्याने बहिणीला विचारलं.

"एक झेल, एक शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसकडे फेकून," आर्डिस म्हणाली. "खाऊन घे लवकर, नाहीतर खेळ संपेल आणि ब्रॅट उरेल."

तिने हनुवटीनेच पलीकडच्या भिंतीकडे खूण केली. तिथे नवंकोरं घड्याळ लावलं होतं. पंधरा, चौदा, तेरा, असे हिरवे आकडे उलटे पळत होते. हिवाळ्यात हार्लनने पेपरात वाचलं होतं की खेळ फार रेंगाळतो म्हणून नियम बदलणार. त्याला ती कुणा रिकामटेकड्याची थट्टा वाटली होती. आता ती थट्टा डोळ्यांसमोर पळत होती. पिचरने पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा, बेसवर कुणी असेल तर वीस. बॅटरने घड्याळात आठ सेकंद उरायच्या आत तयार होऊन उभं राहायचं. पिचर चुकला तर बॅटरला एक चेंडू फुकट, बॅटर चुकला तर न टाकलेल्या चेंडूवर त्याच्या नावे एक स्ट्राइक, आणि तीन झाले की तो बाद. न टाकलेल्या चेंडूवर, हे हार्लनने पेपरात तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

जगात घड्याळ नसलेला हा एकच खेळ, असं तो कारखान्यातल्या फुटबॉलवेड्यांना चाळीस वर्षं ऐकवत आला होता. पिचर चेंडू चोळणार, टोपी सारखी करणार, आभाळाकडे बघणार. बॅटर रेषेबाहेर येऊन हातमोजा सोडणार, पुन्हा आवळणार. मग बॅटरमागे बसलेला कॅचर उठून पिचरच्या कानाला लागणार. आणि तेवढ्या वेळात लोक शेंगा सोलणार, सोयरिकी जुळवणार, शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार करणार. लोक मैदानावर फक्त चेंडू बघायला येतात, हा समज खुर्चीत बसून नियम करणाऱ्यांचा. रेंगाळणं काढून टाकलं तर उरलं काय, असं त्याने आर्डिसला विचारलं. ती म्हणाली, पाय गारठायच्या आत घरी जाणं उरलं. एप्रिलचा रविवार होता, तळ्याकडून वारा येत होता आणि दोघांच्या मांडीवर मिळून एकच घोंगडी होती.

पण हार्लनला त्या दिवशी निराळीच घाई आणि निराळीच भीती होती. गुरुवारी डॉक्टरांनी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की हा वयाचा साधा विसरभोळेपणा नव्हे. स्मरणशक्ती चालली आहे, ती हळूहळू जाणार, आणि घरच्या माणसाला सांगून ठेवा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरचं माणूस म्हणजे आर्डिस. तिला आज सांगायचं, हे त्याने ठरवलं होतं. कुठे सांगायचं हा प्रश्नच नव्हता. आठव्या डावात.

टेस्क्यांच्या घरात गंभीर गोष्ट घरात बोलत नसत. हे वडिलांनी, राइनहोल्डने, घालून दिलेलं. तो ओतशाळेत काम करायचा, बोलायचा कमी, आणि रविवारी दोन्ही पोरांना इथेच, तिसऱ्या बेसच्या बाजूला, अकराव्या रांगेत आणून बसवायचा. सातव्या डावात सगळं मैदान उभं राहून आळोखेपिळोखे देतं, गाणं म्हणतं, ते होईपर्यंत हवा, मासे आणि खेळ याखेरीज बोलायचं नाही. लोक खाली बसले की मग ज्याच्या पोटात काही असेल त्याने ते काढायचं. तेही मैदानाकडे बघत, एकमेकांकडे नाही. एक चेंडू पडायच्या आधी अर्धं वाक्य, दुसऱ्याच्या आधी उरलेलं. ऐकणाऱ्यालाही दोन चेंडूंची उसंत मिळायची, चेहरा सारखा करायला. आईचा जीवघेणा आजार राइनहोल्डने असाच सांगितला होता. आर्डिसने नवऱ्याला सोडल्याचं असंच सांगितलं होतं, आणि हार्लनने चार चेंडू जाऊ देऊन म्हटलं होतं, बरं केलंस.

त्या हिशेबाने त्याच्याकडे दोन-अडीच तास होते. तेवढ्यात मनाची तयारी होईल असं धरून तो आला होता. दुसऱ्या डावात शेंगांची पिशवी उघडली, ती चौथ्यात निम्मीही संपली नव्हती. पाचव्यात त्याला लघवीला जायचं होतं, पण परत येईपर्यंत सहावा उलटेल या भीतीने तो तसाच बसून राहिला. मांडीवर गुणांची वही होती. लहानपणापासून प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू तो पेन्सिलने टिपून ठेवी. आज पेन्सिल मागे पडत होती. एक खूण करून मान वर करावी तर पुढचं होऊन गेलेलं. दोन चौकोन कोरेच राहिले. खेळ जोरात पळतोय की आपणच मागे पडतोय, हे त्याला कळेना.

बिअरवाला डर्क पायऱ्या चढून आला. पूर्वी सातव्या डावानंतर बिअर बंद व्हायची. आता तोपर्यंत कुणाचा पहिला पेलासुद्धा रिकामा होत नाही म्हणून आठव्यातही विकायची मुभा मिळाली, असं तो सांगत होता. "माझ्या गुडघ्यांना विचारा नियम कसे आहेत ते," तो म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे गेला.

गाणं झालं, लोक बसले. आठवा डाव सुरू झाला. हार्लनने घसा साफ केला.

"आर्डिस, गुरुवारी मी त्या..."

चेंडू सुटला. बॅटरने तो जमिनीवरून टोलवला आणि धावता धावता बाद झाला. हार्लन थांबला, कारण थांबायचं असतं. पुन्हा तोंड उघडलं तर घड्याळ नऊवर होतं, आणि नऊ सेकंदांत 'डॉक्टर' हा शब्द कसा आणावा हे त्याला सुचेना. दुसरा चेंडू, तिसरा, चौथा. कोण कुठे पळालं ते त्याने पाहिलंच नाही. आठवा डाव, ज्यात त्याच्या आईचं मरण मावलं होतं, तो 'मी त्या' एवढ्यावरच संपला.

"गुरुवारी काय?" आर्डिसने मैदानाकडे बघत विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला.

नववा, शेवटचा डाव. आपला संघ एकाने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना गेला, तिन्ही बेस भरलेले, बॅटरच्या नावे तीन फुकटचे चेंडू आणि दोन स्ट्राइक. अशा वेळी हार्लनला स्वतःचा आजारही आठवला नसता. सगळं मैदान उभं राहिलं. आता पुढच्या एका चेंडूवर सगळं. आणि नेमका तेव्हा तो बॅटर रेषेबाहेर आला, त्याने हातमोज्याची पट्टी सोडली, हळूच आवळली आणि बॅटच्या टोकाने बुटावरची माती झाडली.

"बघ," हार्लन आनंदाने म्हणाला, "हा जुन्या वळणाचा. याला कसली घाई नाही. लोमॅक्स काढेल आज सामना."

आर्डिसने त्याच्याकडे वळून पाहिलं. या खुर्च्यांवर ती कधी वळून पाहत नसे.

अंपायरने वेळ संपल्याची खूण म्हणून मनगटावर दोन बोटं आपटली आणि हात वर केला. तिसरा स्ट्राइक. चेंडू पिचरच्या हातातच होता. तो हातातच घेऊन पिचर गोंधळून उभा राहिला, मग त्याचे सोबती जिंकल्याच्या आनंदात त्याच्या अंगावर येऊन पडले. सामना संपला होता. चार हजार माणसं उभी होती आणि कुणाला ओरडावं की बसावं कळत नव्हतं. बॅटर अजून मोज्याची पट्टी धरून होता.

हार्लन मटकन खाली बसला. "काही झालंच नाही," तो म्हणाला. "आर्डिस, काहीच झालं नाही आणि संपलं. हे मी वहीत लिहू तरी कसं?"

लोक पुटपुटत, घोंगड्या गुंडाळत निघून गेले. दोन तास सहा मिनिटं झाली होती. झाडूवाले वरच्या रांगांपासून शेंगांची टरफलं खाली लोटायला लागले. ही दोघं बसून राहिली. घड्याळ बंद करायला कुणी विसरलं असावं, कारण ते रिकाम्या मैदानावर पळतच होतं. पंधरापासून शून्यापर्यंत, पुन्हा पंधरापासून. हार्लन त्याच्याकडे बघत होता. शून्य झालं तरी कुणी मनगटावर बोटं आपटली नाहीत. दुसऱ्यांदा शून्य झालं.

"गुरुवारी मी डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला.

घड्याळ एकदा पूर्ण फिरलं.

"डोकं चाललंय माझं. हळूहळू जाईल म्हणतात. तुला सांगून ठेवायला सांगितलंय."

आर्डिसने दोन फेऱ्या जाऊ दिल्या. मग तिने त्याच्या मांडीवरची वही आपल्याकडे ओढली आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे शेवटी बॅट घेऊन उभ्या राहिलेल्या त्या खेळाडूच्या, नावावर बोट ठेवलं. हार्लनच्या नेटक्या अक्षरात तिथे लोमॅक्स लिहिलं होतं.

"आजच्या पोराचं नाव बेनाविदेस," ती म्हणाली. "लोमॅक्स शहाऐंशी साली खेळायचा थांबला, हार्लन. तळ्याकाठी गळ-दोऱ्यांचं दुकान आहे त्याचं. मागच्या उन्हाळ्यात आपण दोघंच गेलो होतो तिथे. मी पहिल्या डावात वाचलं हे. तेव्हापासून वाट बघतेय तुझ्या आठव्याची."

हार्लनने ते नाव वाचलं. ते त्याला अगदी बरोबर वाटत होतं. लोमॅक्सचं धावणं, त्याची चुरगळलेली टोपी, सगळं त्याने आज दुपारी याच मैदानावर पाहिलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. एवढा धक्का त्याला डॉक्टरांच्या खोलीतही बसला नव्हता. दिवसभर तो घड्याळावर चिडत होता आणि मध्ये सदतीस वर्षं निघून गेलेली त्याला दिसली नव्हती. त्याने खोडरबर शोधायला खिशात हात घातला.

"राहू दे ते," आर्डिस म्हणाली. तिने वही मिटून आपल्या पिशवीत टाकली, घोंगडीची घडी केली आणि उभी राहिली. मग मैदानाकडेच बघत तिने तळहात पुढे केला. "पुढच्या रविवारी मी घ्यायला येते तुला. गाडीच्या किल्ल्या दे."

पंचेचाळीस वर्षं गाडी हार्लन चालवत आला होता आणि आर्डिस शेजारी बसून दारं नीट लावली का विचारत आली होती. किल्ल्या खिशातून काढायला त्याला पंधरा सेकंदांहून खूप जास्त वेळ लागला. आर्डिस हात पुढे करून थांबली.